आजोबांची ट्रंक, काकांचं म्हणणं आणि वहीतलं एक पान

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, मालवण तालुक्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावर आजोबांची लोखंडी ट्रंक सापडली. आजोबा १९४२ साली रॉयल इंडियन नेव्हीत भरती झाले. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावानंतर त्यांना काढून टाकलं. घरात सगळे सांगतात की ते ‘तलवार’ जहाजावर होते. ट्रंकेत सर्व्हिस सर्टिफिकेट, पे-बुक, तीन पदकं, बरेच फोटो, पणजोबांची काही मोडी पत्रं आणि आजोबांच्या दोन वह्या आहेत. दुसऱ्या वहीत उठावाच्या दिवसांच्या नोंदी आहेत. त्यातल्या एका पानावर ‘ह्यांनी साहेबाकडे नावं दिली’ असं लिहून चौघांची नावं घातली आहेत. त्यातले दोघे आमच्या शेजारच्या गावांतले. मोठे काका म्हणतात, ते पान फाडून टाक आणि नोकरीतून काढल्याचा कागदही कुणाला दाखवू नकोस. लंडनला असलेला चुलतभाऊ म्हणतो, ट्रंक मला दे, इथे एक व्यापारी चांगले पैसे देतोय. मला वाटतं, सगळं स्कॅन करून इंटरनेटवर टाकावं. माझे वडील आता नाहीत. आजोबांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, नव्वदीची आहे आणि अजून सगळं आठवतं तिला. पाऊस तोंडावर आलाय. कुठून सुरुवात करू?
— एक नात

उत्तर:

ते पान फाडू नका. काकांशी आज वाद घालायची गरज नाही. ‘पाऊस सरेपर्यंत कुणी काही टाकायचं नाही, कुणी काही न्यायचं नाही’ एवढं घरात ठरवून घ्या आणि दोन्ही वह्या तुमच्या कपाटात ठेवा. त्या पानाबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातला खरा अवघड प्रश्न तोच आहे. पण तुम्ही मालवणात आहात, म्हणून आधी ओलीचं बघू.

हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि किनाऱ्यावर पावसाचे चार महिने ती त्याहून वरच असते. ट्रंक माळ्यावरून खाली आणा. ती जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, आणि पावसाचा मारा बसतो त्या भिंतीपासून लांब ठेवा. आतलं काही बाहेर काढायच्या आधी ट्रंक उघडून जशी आहे तशी, एकेका थराचे मोबाइलवर फोटो काढा. कुठलं पत्र कुठल्या पाकिटात होतं, कुठली चिठ्ठी वहीच्या कुठल्या पानात होती, हे एकदा विस्कटलं की पुन्हा जुळत नाही. आजोबांनी कशाशेजारी काय ठेवलं होतं, ह्यातूनही पुष्कळ कळतं.

मग गंजलेल्या टाचण्या, क्लिपा आणि रबरबँड काढा. टाचणी ओढू नका, कागद खाली दाबून ठेवून ती हळूच सरकवा. जिथे गंजाने कागद धरला असेल तिथे सोडून द्या, ते काम जाणकाराचं आहे. कागद धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात गुंडाळा. आपली जुनी दप्तरं रुमालात बांधूनच टिकली, ती पद्धत आजही चांगली आहे. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ फोटोंना बाधते. लॅमिनेशन कधीही नको, ते परत काढता येत नाही. सेलोटेप नको, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. दमट वाटलं म्हणून वही उन्हात घालू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, त्या काळची दौतीची शाई पाण्याने पसरते. घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने झटका. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका.

आणि पदकांना पितांबरी किंवा चिंच लावू नका. हिंदी सैनिकांना आणि नाविकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर बहुधा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ब्रिटिश सैनिकांच्या पदकांवर ते नसायचं. घासून घासून आधी तीच अक्षरं जातात. भिंग घेऊन कडा वाचा आणि तिथला नंबर पे-बुकातल्या नंबराशी ताडून बघा. पुढच्या सगळ्या शोधात आजोबांच्या नावापेक्षा हा नंबर जास्त उपयोगी पडेल, कारण इंग्रजी कागदांत आपल्या आडनावांची स्पेलिंगं कारकुनागणिक बदलतात.

पावसाआधी एवढंच करा. स्कॅनिंग आणि यादी सवडीने होऊ दे.

आता ह्या ट्रंकेचं मोल काय, ते सांगते, म्हणजे लंडनच्या भावाला आणि काकांना काय उत्तर द्यायचं ते तुम्हालाच सुचेल. ईस्ट इंडिया कंपनीचं समुद्री दल सुरतेजवळ १६१२ साली उभं राहिलं. बॉम्बे मरीन, इंडियन नेव्ही, पुन्हा बॉम्बे मरीन, रॉयल इंडियन मरीन अशी नावं बदलत १९३४ साली त्याचं रॉयल इंडियन नेव्ही झालं. ह्या सगळ्या काळात खालच्या पदांवर कोकणातली माणसं होती. युद्धाआधीच्या नाविकांत तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतल्या मुलांचा भरणा मोठा. तुमचा मालवण तालुकाही तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. म्हणून सूचींत शोधताना ‘रत्नागिरी’ घालूनच शोधा. १९३९ साली ह्या दलात २,००० सुद्धा माणसं नव्हती. युद्ध संपेपर्यंत ती २५,००० च्या वर गेली. तुमचे आजोबा त्या वाढलेल्या भरतीतले.

आपल्याला आरमार म्हटलं की सिंधुदुर्ग आणि कान्होजी आंग्रे आठवतात, आणि आठवावेतच. २०२३ चा नौदल दिन तुमच्या तारकर्लीला झाला तेव्हा सगळा तालुका लोटला होता. पण त्याच किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतून मुलगे इंग्रजांच्या जहाजांवर गेले. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर, अक्याबपाशी लढले. जुलै १९४३ मध्ये ‘जमना’ आणि ‘सतलज’ सिसिलीच्या मोहिमेत होत्या. ११ नोव्हेंबर १९४२ ला ‘बेंगाल’ नावाच्या लहानशा जहाजाने हिंदी महासागरात आपल्याहून कितीतरी मोठ्या दोन जपानी जहाजांना तोंड दिलं, आणि त्यातलं एक बुडालं. त्या नाविकांना आपण कुठे ठेवलं? इंग्रजांची चाकरी केली म्हणून देशभक्तीच्या गोष्टींत ते आले नाहीत, आणि १९४६ साली त्यांनीच इंग्रजांविरुद्ध बंड केलं म्हणून नव्या नौदलानेही त्यांना परत घेतलं नाही. मला ह्याचं फार वाईट वाटतं, आणि तुमची ट्रंक मला इतकी महत्त्वाची वाटते ती ह्याचमुळे.

कारण ह्या दलाचे जे कागद जपले गेले ते बहुतेक अधिकाऱ्यांनी लिहिलेले आहेत. लॉगबुकं, अहवाल, बढत्या, तारा. १९४६ च्या उठावानंतर न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला, त्याच्यापुढे नाविक बोलले, पण ते विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत होते. साध्या नाविकाने, कुणी विचारलेलं नसताना, आपल्या भाषेत, त्याच आठवड्यात लिहिलेली वही ही दुर्मिळ गोष्ट आहे. जेवणात खडे होते, गोरे अधिकारी शिव्या देत, पगारात फरक होता, हे सगळ्या इतिहासांत आहे. मालवणचा एक विशीतला मुलगा २१ फेब्रुवारीला मुंबईत, कॅसल बॅरॅक्स ह्या नाविकांच्या बराकींत गोळीबार चालू असताना काय विचार करत होता, हे कुठल्याच सरकारी फायलीत मिळणार नाही.

‘तलवार’बद्दल इथेच सांगते. तलवार हे जहाज नव्हतं. ती कुलाब्याची सिग्नल शाळा, किनाऱ्यावरची. नौदलात किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजांसारखीच नावं देतात, त्यामुळे पुष्कळ घरांत हा घोळ झाला आहे. लोणावळ्याचं ‘शिवाजी’ आणि वर्सोव्याचं ‘मछलीमार’ हेही असेच जमिनीवरचे तळ. १८ फेब्रुवारी १९४६ ला तलवारमधल्या नाविकांनी जेवण नाकारलं आणि तिथून उठाव सुरू झाला. त्याआधी भिंतींवर घोषणा लिहिल्याबद्दल बलाई चंद्र दत्त यांना अटक झाली होती. १९ तारखेला उठाव कॅसल बॅरॅक्समध्ये आणि बंदरातल्या जहाजांवर पसरला, एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली मध्यवर्ती संप समिती झाली, मग कराचीपर्यंत आग गेली. २२ तारखेला मुंबईतला कामगार रस्त्यावर आला. त्या दोन दिवसांत गोळीबारात शहरातली २०० हून अधिक माणसं मेली, परळच्या कमल दोंदे त्यांतल्याच. २३ तारखेला सकाळी, वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून, नाविकांनी शरणागती पत्करली.

आता सर्व्हिस सर्टिफिकेटवर फेब्रुवारी १९४६ च्या समोर कुठल्या तळाचं नाव आहे ते बघा. ‘तलवार’ असेल तर उत्तम. ‘डलहौसी’ असेल तर आजोबा कॅसल बॅरॅक्सच्या बाजूला होते, आज जिथे ‘आयएनएस आंग्रे’ आहे तिथे. एखाद्या जहाजाचं नाव असेल तर ते बंदरात होते की समुद्रावर, हे वेगळं शोधावं लागेल. कागद एक सांगेल आणि घरची आठवण दुसरं, असं झालं तर दोन्ही लिहून ठेवा. घरचं ऐकलेलं ‘ऐकलेलं’ म्हणून आणि कागदावरचं ‘कागदावरचं’ म्हणून. एक खरं ठरवायला दुसरं पुसू नका. आजोबांनीच कधी ‘तलवार’ म्हटलं असेल ते उठावाचं नाव म्हणून, घरच्यांनी ते जहाज समजून घेतलं असेल. आत्याआजीला विचारा, तो शब्द तिने कुणाकडून ऐकला.

आता ते पान.

काका काय म्हणतायत ते मला कळतं आणि त्यांच्यावर रागावू नका असं मी तुम्हाला सांगेन. तुम्ही ती नावं वाचता तेव्हा ती इतिहासातली नावं असतात. काकांच्या लेखी ती दसऱ्याला सोनं द्यायला येणाऱ्या घरांची नावं आहेत. त्यांना वाटतं, पान राहिलं तर कधीतरी कुणीतरी ते त्या घरांसमोर धरेल, आणि गावात ते व्हायला वेळ लागत नाही. ही भीती खोटी नाही. पण पान फाडून ती जात नाही. फाटलेलं पान वहीत दिसतं, आणि मग वाचणारा विचारतो की काय लपवलं. वहीतल्या बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

त्या पानावर काय आहे, ते नीट बघा. आजोबांना त्या दिवशी काय वाटलं, ते त्या पानावर आहे. चौघांनी काय केलं, ते त्यावर नाही. उठाव मोडल्यावर शेकडो जणांना वेगवेगळ्या छावण्यांत डांबलं, पुष्कळांना मुलुंडला नेलं, एकेकट्याला बोलावून प्रश्न विचारले. अशा वेळी कोण फुटलं ह्याच्या कुजबुजी प्रत्येक बराकीत असतात, त्यातल्या काही खऱ्या असतात, बऱ्याच नसतात. आणि कुणी खरोखरच नाव दिलं असेल तर विशीतल्या मुलाला काय सांगून, काय दाखवून ते काढून घेतलं, हेही आपल्याला ठाऊक नाही. तीच नावं वहीच्या आधीच्या पानांवर येतात का, ते शोधा. एका ताटात जेवलेले, एकाच बोटीवर पाळी केलेले असतील तर त्या ओळीही तेवढ्याच महत्त्वाच्या आहेत.

माझं मत असं. मूळ वही अखंड ठेवा. पूर्ण स्कॅन करा, ते पानही. बाहेर द्यायची जी प्रत कराल तिच्यात त्या चार नावांवर पट्टी टाका आणि तिथेच स्पष्ट लिहा: ‘इथली चार नावं कुटुंबाने सध्या झाकली आहेत’. झाकलंय हे न सांगता झाकणं मला मान्य नाही. ज्या संस्थेत मूळ वही द्याल तिथे लेखी अट घालता येते की हे पान अमुक वर्षं कुणाला दाखवायचं नाही. जगभरचे दप्तरखाने अशा अटी घेतात आणि पाळतात. मी तीस वर्षं सुचवीन. काकांना ही वाट सांगून बघा. त्यांना त्या घरांची अब्रू राखायची आहे, कागदाशी त्यांचं वैर नाही, आणि ती अशाने राखली जाते.

त्या दोन घरी ते पान घेऊन जाऊ नका. मेलेल्या माणसावर आरोप सांगायला जाण्यात काही हशील नाही, त्यांच्याकडून उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही. पण त्या घरांत जा मात्र. ‘तुमचे आजोबाही नेव्हीत होते ना, काही फोटो, कागद आहेत का’ एवढं विचारा. त्यांच्याही माळ्यावर ट्रंक असेल. कदाचित तिच्यातही एखादी वही असेल आणि तिच्यात तुमच्या आजोबांचं नाव असेल. उद्या त्यांच्यातल्या कुणी होऊन विचारलं की तुमच्या वहीत आमच्या माणसाबद्दल काय आहे, तर खोटं बोलू नका. बसवून, आधीची पानंसुद्धा दाखवून, सांगा.

काढून टाकल्याच्या कागदाची लाज धरायचं मात्र काहीच कारण नाही, आणि हे काकांना तुम्ही ठामपणे सांगा. उठावानंतर शेकडो नाविकांना ‘सेवेची गरज नाही’ असं लिहून घरी पाठवलं. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान पेन्शनसाठी जे लढे मान्य केले त्यांत १९४६ चा नाविकांचा उठाव आहे. कुलाब्यात त्याचं स्मारक आहे. काकांनी हे कागद लपवायला कधी आणि का सुरुवात केली ते मात्र त्यांना नक्की विचारा. लहानपणी ‘नोकरीवरून काढलेल्याचा मुलगा’ म्हणून त्यांनी काही ऐकलं असेल. पेन्शन नसलेल्या घरात ते वाढले आहेत. त्यांचं हे सांगणं आजोबांच्या वहीइतकंच जपून ठेवण्यासारखं आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन.

लंडनच्या भावाबद्दल थोडक्यात. त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगा की ट्रंक देता येणार नाही, आणि ह्यात तुमच्या इच्छेइतकाच कायद्याचाही प्रश्न आहे. पुरावस्तूंच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल तर खाजगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही. फेब्रुवारी १९४६ च्या वहीला ती वर्षं २०२१ मध्येच पुरी झाली. पदकांना हा ७५ वर्षांचा नियम नाही, इतर वस्तूंना १०० वर्षांची अट आहे. पण व्यापाऱ्याला पदकं हवी असतात ती सुटी. पदकं एकाकडे, फोटो दुसऱ्याकडे, वही तिसऱ्याकडे गेली की प्रत्येकाची किंमत येते आणि माणूस हरवतो. कडेवर नंबर कोरलेलं पदक, तोच नंबर असलेलं पे-बुक आणि त्याच हाताने लिहिलेली वही एकत्र असणं, ह्यातच सगळं आहे. भावाला स्कॅनची पूर्ण प्रत पाठवा, त्याला कुठलीच आडकाठी नाही. त्याला खरोखर काही करायचं असेल तर त्याच्या गावातच मोठं काम आहे. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याचे, कागद आहेत, त्यात मरीन खात्याचा वेगळा विभाग आहे. क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ॲडमिरल्टीच्या, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याच्या, फायली आहेत. आजोबांच्या जहाजांची नावं आणि तारखा त्याला द्या आणि तिथे जाऊन शोधायला सांगा. पैशाच्या प्रश्नावर तो नाराज राहीलही थोडे दिवस. राहू दे.

इंटरनेटवर टाकायची तुमची घाई मला आवडली, पण तीन गोष्टी आधी करा. पहिली, लिहिलेल्या मजकुराचा हक्क आजोबांमागे त्यांच्या वारसांकडे येतो. म्हणजे एकट्या तुमच्याकडे नाही, काका, त्यांची भावंडं, चुलतभाऊ, सगळ्यांकडे. साध्या कागदावर सगळ्यांची लेखी संमती घ्या, त्यात ‘चार नावं झाकून’ हे शब्द घाला. दुसरी, मोफत वापराचा परवाना लावून एखाद्या खुल्या संग्रहात फोटो टाकला की तो परवाना मागे घेता येत नाही. म्हणून आधी फोटो आणि सर्टिफिकेट द्या, वहीचं सवडीने ठरवा. तिसरी, स्कॅन एकदाच करा पण नीट करा: किमान ४०० डीपीआय (स्कॅनची बारकाई मोजायचा आकडा), फोटो ६०० ला, रंगीत, प्रत्येक पानाची मागची बाजूसुद्धा, कोरी असली तरी. फोटोंच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, त्यावरून गाव आणि साल कळतं. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या मऊ उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल स्टँडवर बसवून काढा. मूळ फाइल टिफ (TIFF) ह्या प्रकारात ठेवा. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि सोबत एक साधी यादी: काय आहे, कुठल्या पाकिटातलं, कुणी ओळखलं, कधी. ही यादी नसेल तर पन्नास वर्षांनी तुमच्या हजार फाइली म्हणजे अनोळखी चेहऱ्यांचा ढीग होईल. कागदावर काही लिहायचंच असेल तर मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. पेन नको.

मूळ कागद शेवटी कुठे ठेवायचे हे ह्या वर्षी ठरवायची गरज नाही. तरी चौकशी सुरू करा. मुंबईत मेरीटाइम हिस्टरी सोसायटी आहे, १९७८ साली व्हाइस ॲडमिरल आवटी यांनी सुरू केलेली. समुद्री इतिहास हाच तिचा विषय. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात उठावाचे कागद आहेत, आणि ‘अभिलेख पटल’ ह्या त्यांच्या संकेतस्थळावर त्यांची सूची घरबसल्या बघता येते. तिथे आजोबांचा तळ आणि जहाज घालून आधी शोधा, आयोगापुढच्या साक्षींत ओळखीचं काही सापडू शकतं. जुन्या बॉम्बे मरीनच्या काळाची ओढ लागली तर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मरीन खात्याचे खंड आहेत. आजोबांच्या सेवेची सरकारी नोंद हवी असेल तर मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सला नंबरासकट अर्ज करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहायला मदत करतं. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा.

कुठल्याही संस्थेला काही देताना तोंडी बोलण्यावर देऊ नका. वस्तुगणिक यादी असलेली पोच घ्या. दान देताय की ठेव म्हणून ठेवताय हे लिहून घ्या. संग्रह एकत्रच ठेवला जाईल, तुकडे होणार नाहीत, हे लिहून घ्या. झाकायच्या पानाची अट लिहून घ्या. संस्था ह्याला तयार नसेल तर कितीही मोठी असली तरी दुसरी बघा. कंपनीचं राज्य गेल्यावर लंडनमध्ये जुन्या कागदांचे ढीगच्या ढीग रद्दीत काढले गेले, ते काम मोठ्या कचेरीतल्या शहाण्यासुरत्या माणसांनीच केलं. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करत होते तेही वाड्यांमधले कागद वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जात होते म्हणून.

पणजोबांची मोडी पत्रं घाईने कुणाला वाचायला देऊ नका, आधी स्कॅन करा आणि स्कॅनच द्या. मुलगा समुद्रावर असताना मालवणच्या बापाने त्याला काय लिहिलं, हे कळायला मीही उत्सुक आहे.

आणि सगळ्यात आधी, टाचण्या काढायच्याही आधी, आत्याआजीकडे जा. कागद चार महिने थांबतील, नव्वदीच्या माणसाला थांबायला सांगता येत नाही. ज्या फोटोंत माणसांचे घोळके आहेत ते मोठे छापून न्या, मोबाइलवर दाखवू नका, म्हाताऱ्या डोळ्यांना त्यात काही दिसत नाही. एका वेळी तीन-चारच फोटो. चेहऱ्यांवर आकडे घाला आणि ती सांगेल तसं आकड्यापुढे नाव, गाव, वाडी, घराण्याचं नाव लिहा. ‘हा तो, खालच्या वाडीचा, रेडिओ दुरुस्त करायचा’ एवढं सांगितलं तरी तसंच लिहा. तिला नक्की आठवत नसेल तर ‘बहुतेक’ हा शब्दही लिहा. वहीतलं ते पान तिला वाचून दाखवू नका. पण ती चार नावं फोटोंच्या ओघात तिने स्वतःहून घेतली, तर मध्ये बोलू नका, रेकॉर्डिंग चालू असू दे. दुपारी जेवणानंतर ती दमते का, सकाळी बरी असते का, ते तुम्हाला ठाऊक असेलच, त्या वेळी जा. एका बैठकीत उरकू नका.

यादीचं पहिलं पान झालं की मला पाठवा. मोडी पत्रांचे स्कॅनही पाठवा. पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गांतून तयार झालेले चांगले वाचक आहेत, त्यांच्यापैकी कुणाशी तरी मी तुमची गाठ घालून देईन.